आहारातील चोथा वाढवूनही एलडीएल कमी का झाले नाही? कोणते तंतू रक्तातील मेदावर परिणाम करतात?

प्रश्न (धागाकर्ती)

नमस्कार. माझे वय ४८ वर्षे असून मला मधुमेह किंवा उच्च रक्तदाब नाही. चार महिन्यांपूर्वीच्या रक्ततपासणीत एकूण कोलेस्टेरॉल २४२, एलडीएल (ज्याला ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणतात) १६४, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ४४ आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातला आणखी एक मेद) १७० असे आकडे आले (सर्व मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). डॉक्टरांनी लगेच गोळी सुरू न करता तीन महिने आहारात तंतुमय पदार्थ वाढवून पाहा, असे सुचवले. मी ते मनापासून केले. रोज ३० ग्रॅम गव्हाचा कोंडा खाल्ला, मैद्याऐवजी सगळे पदार्थ कोंड्यासह दळलेल्या पिठाचे घेतले आणि शिवाय चिकोरीच्या मुळापासून काढलेल्या इन्युलिनची ५ ग्रॅम पूड रोज पाण्यातून घेतली, कारण तिच्या डब्यावर ‘विद्राव्य तंतू’ असे स्पष्ट छापलेले होते. माझ्या हिशेबाने रोजचे तंतू साधारण १५ ग्रॅमवरून ३० ग्रॅमच्या वर गेले.

तीन महिन्यांनंतरचे आकडे असे आहेत : एकूण कोलेस्टेरॉल २३८, एलडीएल १५८, एचडीएल ४४, ट्रायग्लिसराइड १८०. म्हणजे एवढे करून हाती फारसे काही लागले नाही आणि ट्रायग्लिसराइड तर उलट वाढले. पोट मात्र पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगले साफ होते, हे मान्य केले पाहिजे. माझे काही चुकले आहे का, की तंतूंनी कोलेस्टेरॉल कमी होते हे सांगणेच अतिरंजित आहे? जाणकारांनी कारणासह समजावून सांगितले तर मी आभारी राहीन, कारण काय खावे याच्या याद्या मला भरपूर मिळाल्या, पण ते का खावे हे कुणी सांगितले नाही.

प्रतिसाद १ (आहारशास्त्राची अध्यापिका)

तुमच्या प्रयत्नांत कसूर नव्हती; तुम्ही निवडलेले तंतू या कामाचे नव्हते. ‘तंतू’ या एकाच शब्दाखाली रासायनिक दृष्ट्या अगदी निरनिराळे पदार्थ एकत्र मोजले जातात आणि वेष्टनावरचा ग्रॅमचा आकडा त्यांच्यातला फरक दाखवत नाही, ही या विषयातली खरी अडचण आहे.

आधी यकृतात काय घडते ते पाहू. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते. ती पित्तावाटे लहान आतड्यात येतात, स्निग्ध पदार्थांच्या पचनाला मदत करतात आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागात त्यांतली सुमारे ९५ टक्के पुन्हा शोषली जाऊन यकृतात परत जातात. शरीरातला त्यांचा साठा केवळ काही ग्रॅमचा असतो, पण तो दिवसातून अनेक वेळा ही फेरी करतो. त्यामुळे रोज शौचावाटे बाहेर पडणारी पित्ताम्ले अर्ध्या ग्रॅमच्या आसपासच असतात आणि तेवढी तूट भरून काढण्यापुरतेच कोलेस्टेरॉल यकृताला खर्च करावे लागते.

आता आतड्यात पाणी धरून दाट, बुळबुळीत खळ तयार करणारा तंतू आला, तर पित्ताम्ले त्या खळीत अडकून राहतात, आतड्याच्या भिंतीपर्यंत सहज पोहोचत नाहीत आणि नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात बाहेर टाकली जातात. यकृताला ती नव्याने बनवावी लागतात. त्यासाठी लागणारे कोलेस्टेरॉल मिळवायला यकृताच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर एलडीएल ओढून घेणाऱ्या ग्राहींची संख्या वाढवतात आणि त्यामुळे रक्तातले एलडीएल उतरते. एलडीएल कमी होण्याचा मुख्य मार्ग हाच आहे. तंतू रक्तातली चरबी ‘धुऊन काढतो’ असे जे सर्रास सांगितले जाते ते मला खटकते, कारण तंतू रक्तात जातच नाही. त्याचे सगळे काम आतड्याच्या पोकळीत चालते.

या दृष्टीने तुमच्या दोन्ही गोष्टी तपासून पाहा. गव्हाच्या कोंड्यातले तंतू मुख्यतः अविद्राव्य असतात. ते मलाचे आकारमान वाढवतात, आतड्याची गती सुधारतात, म्हणूनच तुमचे पोट साफ होऊ लागले. पण ते खळ तयार करत नाहीत आणि एलडीएलवर त्यांचा प्रत्यक्ष परिणाम जवळजवळ होत नाही. इन्युलिन विद्राव्य आहे हे खरे, परंतु ते पाण्यात साखरेसारखे विरघळून जाते आणि पाणी पातळच राहते. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचे उत्तम किण्वन करतात, त्याचे वेगळे फायदे असतील, पण पित्ताम्ले अडवण्याइतका दाटपणा त्यात मुळीच नाही. तेव्हा ‘विद्राव्य की अविद्राव्य’ ही जुनी वाटणी इथे अपुरी पडते आणि ‘खळ धरतो की नाही’ हा प्रश्न विचारावा लागतो. घरी अंदाज घ्यायचा असेल तर एक चमचा पूड पेलाभर पाण्यात ढवळून थोडा वेळ ठेवावी. इसबगोलाचे पाणी चमच्याला चिकटून लोंबू लागते, इन्युलिनचे पाणी पाण्यासारखेच राहते.

खळ धरणाऱ्यांत ओट्स आणि बार्ली यांतले बीटा-ग्लुकन, इसबगोल, सफरचंद व लिंबूवर्गीय फळांच्या गरातले आणि सालीतले पेक्टिन, गवारीच्या बियांपासून काढलेला डिंक हे मुख्य. पेक्टिनचा परिणाम तर १९६१ सालीच अ‍ॅन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांवर मोजून दाखवला होता : रोज १५ ग्रॅम पेक्टिनने रक्तातले कोलेस्टेरॉल सुमारे ५ टक्क्यांनी उतरले आणि सेल्युलोज या खळ न धरणाऱ्या तंतूने उतरले नाही. म्हणजे ‘कोणता तंतू’ हा प्रश्न साठ वर्षांहून जुना आहे, तरीही सल्ला देताना आपण आजही नुसते ‘फायबर वाढवा’ म्हणून मोकळे होतो, याची मला खंत वाटते.

मात्रेविषयी सांगायचे तर, ओट्समधल्या बीटा-ग्लुकनसाठी रोज किमान ३ ग्रॅम हा आकडा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये आणि नंतर युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही मान्य केला. इसबगोलासाठी अमेरिकेत १९९८ मध्ये रोज ७ ग्रॅम विद्राव्य तंतू ही मात्रा ठरली, म्हणजे साधारण १० ग्रॅम भुसा. चपट्या ओट्समध्ये बीटा-ग्लुकन वजनाच्या सुमारे ४ टक्के असते, म्हणजे ३ ग्रॅमसाठी कोरडे ७५ ग्रॅम ओट्स लागतात. सकाळी दोन चमचे ओट्स दुधावर भुरभुरून खाल्ल्याने ही मात्रा गाठली जात नाही, हे लक्षात घ्यावे.

प्रतिसाद २ (औषधशास्त्राचे निवृत्त संशोधक)

वरील विवेचन योग्य आहे, पण वाचकांच्या मनात अपेक्षा फुगू नयेत म्हणून मी एक आक्षेप नोंदवतो. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ओटच्या कोंड्याची अक्षरशः लाट आली होती. जानेवारी १९९० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक छोटा, पण काळजीपूर्वक केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २० निरोगी व्यक्तींना आळीपाळीने सहा-सहा आठवडे ओटचा कोंडा आणि तंतू अत्यल्प असलेले शुद्ध गव्हाचे पदार्थ देण्यात आले. दोन्ही काळांत कोलेस्टेरॉल जवळजवळ सारखेच, ७ ते ८ टक्क्यांनी उतरले. संशोधकांचा निष्कर्ष असा होता की कोंड्याने पोट भरल्यामुळे माणसे संपृक्त स्निग्धाम्ले (लोणी-तुपात भरपूर असणारी) असलेले पदार्थ कमी खाऊ लागली आणि उतार त्याचा होता, तंतूचा नव्हे.

मला यातून एवढेच सुचवायचे आहे की ताटात काय आले याच्या बरोबरीने ताटातून काय गेले हेही पाहावे. संपृक्त स्निग्धाम्ले यकृतातल्या त्याच एलडीएल-ग्राहींचे काम मंदावतात. त्यांच्या जागी असंपृक्त तेले घेतली तर मिळणारा उतार बहुतेक वेळा तंतूपेक्षा मोठा असतो. धागाकर्तीने आपल्या प्रश्नात स्निग्ध पदार्थांविषयी एक अक्षरही लिहिलेले नाही, ही मला कोंड्यापेक्षा मोठी त्रुटी वाटते.

प्रतिसाद ३ (आहारशास्त्राची अध्यापिका)

आपण सांगितलेला अभ्यास मीही वर्गात दरवर्षी शिकवते आणि त्यातला ‘काय गेले’ हा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु तो अभ्यास म्हणजे या प्रश्नावरचा शेवटचा शब्द नव्हे. त्यात सहभागी व्यक्तींचे कोलेस्टेरॉल मुळातच फारसे वाढलेले नव्हते आणि अवघ्या २० जणांत काही टक्क्यांचा फरक सुटून जाणे सहज शक्य असते.

त्यानंतर १९९९ मध्ये ६७ नियंत्रित चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण झाले आणि त्यात विद्राव्य तंतूच्या प्रत्येक ग्रॅममागे एलडीएल सुमारे २ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने उतरते असे दिसले. २०१४ मध्ये केवळ ओट्सच्या बीटा-ग्लुकनवरील २८ चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या आणि रोज ३ ग्रॅम किंवा अधिक मात्रेने एलडीएल सुमारे १० मिलिग्रॅमने उतरल्याचे आढळले. उतार लहान आहे, हे मी लपवत नाही. पण तो वारंवार, वेगवेगळ्या हातांनी मोजला गेला आहे.

मला सर्वांत पटणारा पुरावा मात्र वेगळाच आहे. १९९५ साली स्वीडनमधील संशोधकांनी मोठे आतडे शस्त्रक्रियेने काढलेल्या व्यक्तींवर एक प्रयोग केला, कारण त्यांच्या लहान आतड्यातून बाहेर पडणारे सर्व काही थेट गोळा करून मोजता येते. ओटच्या कोंड्याचा पाव खाल्ल्यावर बाहेर पडणारी पित्ताम्ले वाढली, पण त्याच कोंड्यातले बीटा-ग्लुकन विकराने (एन्झाइमने) आधीच तोडून टाकले तेव्हा ती वाढ दिसली नाही. कोंडा तोच, खाणारी माणसे तीच. फक्त खळ धरण्याची शक्ती काढून घेतली आणि परिणाम गेला. ही गोष्ट स्निग्ध पदार्थ कमी खाल्ल्याने समजावता येत नाही.

याच्याशी जुळणारी आणखी एक चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ३६७ व्यक्तींना ओट्सचे बीटा-ग्लुकन वेगवेगळ्या रेणुभारांत देण्यात आले. लांब साखळीचे रेणू अखंड राहिले तेव्हा रोजच्या ३ ग्रॅमने एलडीएल सुमारे साडेपाच टक्क्यांनी उतरले; प्रक्रियेत साखळ्या तुटून रेणुभार साधारण दहा पटींनी घटला तेव्हा उतार निम्म्याहून कमी झाला. म्हणून ओट्सचे नाव वेष्टनावर ठळक छापलेले गोड बिस्कीट किंवा फुगवलेले न्याहारीचे दाणे हे शिजवलेल्या ओट्सच्या बरोबरीचे मानणे धोक्याचे आहे. ग्रॅम तेवढेच राहतात, पण प्रक्रियेत खळ मोडून गेलेली असू शकते.

प्रतिसाद ४ (पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत काम करणारा)

मी आहाराविषयी बोलत नाही, आकड्यांविषयी बोलतो. १६४ आणि १५८ हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘काहीच झाले नाही’ किंवा ‘सहा गुण उतरले’ यांपैकी कोणतेही विधान करता येणार नाही. एकाच माणसाचे एलडीएल आहारात काही बदल नसतानाही एका आठवड्यातून दुसऱ्या आठवड्यात पाच ते दहा टक्क्यांनी वरखाली होते आणि प्रयोगशाळेच्या मोजणीतला थोडा फरक त्यात मिसळतो तो वेगळाच. तंतूंपासून अपेक्षित उतारच पाच ते दहा टक्क्यांचा असल्यामुळे एकेका तपासणीवरून तो ओळखणे म्हणजे हलत्या तराजूवर गुंज तोलण्यासारखे आहे.

शिवाय आपल्या अहवालातले एलडीएल बहुधा प्रत्यक्ष मोजलेले नसून १९७२ साली फ्रीडवाल्ड यांनी दिलेल्या सूत्राने काढलेले आहे : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचे आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करायचा. आपलेच आकडे घ्या. २४२ उणे ४४ उणे ३४ म्हणजे बरोबर १६४. २३८ उणे ४४ उणे ३६ म्हणजे बरोबर १५८. म्हणजे आपल्या सहा गुणांच्या उतारातले दोन गुण केवळ ट्रायग्लिसराइड वाढल्यामुळे सूत्रातून आलेले आहेत. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेले तर हे सूत्र वापरूच नये, आणि त्याच्या आतही ट्रायग्लिसराइड वाढू लागले की एकूणमधून एचडीएल वजा करून उरणारे ‘नॉन-एचडीएल’ पाहणे जास्त विश्वासाचे. आपले ते १९८ वरून १९४ झाले आहे.

पुढच्या वेळी नवा आहार किमान सहा ते आठ आठवडे स्थिर चालू द्या, मग एका आठवड्याच्या अंतराने दोन तपासण्या त्याच प्रयोगशाळेत, सारख्याच वेळी, सारख्याच उपाशी अवस्थेत करा आणि दोन्हींची सरासरी घ्या. जुन्या दोन तपासण्यांची सरासरी १६१ धरून तुलना केलीत तर अंदाज थोडा तरी खरा येईल. मधल्या काळात ताप, मोठे आजारपण किंवा वजनात झपाट्याने घट झाली असेल तर तपासणी पुढे ढकला, कारण या सर्वांनी आकडे हलतात. आणि एक विनंती : थायरॉइडची तपासणी झालेली नसेल तर ती जरूर करून घ्या. थायरॉइडचे काम मंद असेल तर एलडीएल वाढते, आणि ते कारण हाताळल्याशिवाय नुसता आहार बदलून त्याला पुरेसा आळा बसत नाही.

प्रतिसाद ५ (धागाकर्ती)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी इतके दिवस एका आकड्याला आणि एका शब्दाला धरून बसले होते, हे आता कळले. थायरॉइडची तपासणी पहिल्याच वेळी झाली होती आणि ती ठीक आहे. स्निग्ध पदार्थांविषयीचा आक्षेपही खरा आहे; मी त्यांत काहीच बदल केला नव्हता, उलट ‘आपण कोंडा खातो आहोत’ या समाधानात थोडी ढिलाईच झाली असावी.

मात्र ट्रायग्लिसराइडचे कोडे सुटलेले नाही. खळ धरणारे तंतू घेतले तर ते उतरेल का? आणि इसबगोल मी कधी नियमित घेतलेला नाही, तो कसा सुरू करावा?

प्रतिसाद ६ (आहारशास्त्राची अध्यापिका)

ट्रायग्लिसराइडविषयी थोडक्यात आणि प्रामाणिकपणे सांगते : मी वर सांगितलेल्या दोन्ही एकत्रित विश्लेषणांत एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड यांच्यात लक्षणीय बदल दिसला नाही. यंत्रणा लक्षात घेतली तर ते स्वाभाविकच आहे, कारण पित्ताम्लांच्या मार्गाने मागणी कोलेस्टेरॉलची वाढते, ट्रायग्लिसराइडची नव्हे. ट्रायग्लिसराइड हलवायचे असेल तर साखर, गोड पेये, शुद्ध पिष्टमय पदार्थ आणि मद्य यांच्याकडे पाहावे लागते, तसेच वजन आणि व्यायामाकडेही. तंतूंचा उपयोग तिथे होतो तो आडवाटेने : शुद्ध पिष्टाच्या जागी कडधान्ये किंवा अखंड धान्ये आली की तो भार आपोआप कमी होतो. आणि १७० चे १८० होणे हा बदल वर सांगितलेल्या चढउताराच्या पूर्णपणे आतला आहे. ट्रायग्लिसराइड तर एलडीएलपेक्षा किती तरी जास्त हलते, त्यामुळे ते ‘वाढले’ असे मी म्हणणार नाही.

कडधान्यांचा उल्लेख आला म्हणून सांगते, त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नका. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २६ चाचण्यांच्या विश्लेषणात रोज सुमारे १३० ग्रॅम शिजवलेली कडधान्ये खाल्ल्याने एलडीएल जवळपास ५ टक्क्यांनी उतरलेले दिसले. त्यात तंतूंच्या जोडीला वनस्पतिज प्रथिनेही येतात आणि जेवणातला संपृक्त स्निग्धांशाचा वाटाही घटतो.

इसबगोलाबाबत घाई करू नये. पहिल्या आठवड्यात ३ ग्रॅमच्या आसपास, दिवसातून एकदाच घ्यावा, पोट रुळले की दुसरी आणि मग तिसरी मात्रा वाढवत तीन-चार आठवड्यांत १० ग्रॅमपर्यंत जावे. तो जेवणाच्या जोडीने घेणे मला जास्त योग्य वाटते, कारण पित्त जेवणानंतर आतड्यात उतरते आणि त्या वेळी खळ तिथे हजर असावी. प्रत्येक मात्रेबरोबर मोठा पेलाभर पाणी हवेच. कोरडा भुसा तोंडात टाकून वर दोन घोट पाणी घेण्याची सवय खरोखर घातक आहे, कारण तो घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो. ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा आतडे कुठे अरुंद झालेले आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊ नये.

गव्हाचा कोंडा सोडून द्या असे मात्र मी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आढाव्यात, सर्वांत कमी तंतू खाणाऱ्यांच्या तुलनेत सर्वांत जास्त तंतू खाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंसह अनेक आजारांचे प्रमाण १५ ते ३० टक्क्यांनी कमी दिसले, आणि रोज २५ ते २९ ग्रॅम हे प्रमाण पुरेसे लाभदायक आढळले. त्यात सर्व प्रकारचे तंतू मोजलेले होते. असे निरीक्षणावर आधारलेले अभ्यास कार्यकारण सिद्ध करत नाहीत, तरीही एलडीएलचा आकडा न हलवणारा तंतू निरुपयोगी ठरत नाही, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

प्रतिसाद ७ (औषधशास्त्राचे निवृत्त संशोधक)

एक पूरक मुद्दा. खाण्यातल्या अनेक लहान बदलांची बेरीज किती होऊ शकते याचे उत्तम उदाहरण म्हणजे टोरांटोचे डेव्हिड जेन्किन्स यांचा २००३ मधला प्रयोग. त्यांनी खळ धरणारे तंतू, सोयाबीनची प्रथिने, बदाम आणि वनस्पतिज स्टेरॉल (वनस्पतींतले कोलेस्टेरॉलसारखे घटक) हे चारही घटक एका आहारात एकत्र आणले. संपूर्ण अन्न पुरवलेल्या त्या एका महिन्यात एलडीएल २८.६ टक्के उतरले, तर शेजारच्या गटात लोव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या, स्टॅटिन वर्गातल्या औषधाच्या २० मिलिग्रॅम गोळीने ३०.९ टक्के उतरले. मात्र २०११ मध्ये हाच आहार लोकांनी आपापल्या घरी सहा महिने पाळला तेव्हा उतार सुमारे १३ ते १४ टक्क्यांवर आला. मला हा दुसरा आकडा जास्त मोलाचा वाटतो, कारण माणसे प्रयोगशाळेच्या स्वयंपाकघरात राहत नाहीत.

प्रतिसाद ८ (धागाकर्ती, तीन महिन्यांनंतर)

कबूल केल्याप्रमाणे कळवते आहे. महिनाभरात इसबगोल १० ग्रॅमवर नेला आणि त्यानंतर दोन महिने स्थिर ठेवला. आठवड्यातून चार-पाच दिवस शिजवलेले ओट्स किंवा बार्ली, एका जेवणात कडधान्ये आणि लोण्याऐवजी तेल, एवढे केले. इन्युलिन बंद केले. पहिले दोन आठवडे पोट फुगल्यासारखे वाटत होते, नंतर ते थांबले. एका आठवड्याच्या अंतराने केलेल्या दोन तपासण्यांत एलडीएल १४७ आणि १५१ आले, म्हणजे सरासरी १४९. पूर्वीच्या १६१च्या सरासरीच्या तुलनेत उतार साडेसात टक्क्यांच्या आसपास आहे. एचडीएल तेवढेच आहे आणि ट्रायग्लिसराइड १७०च्या आसपास.

डॉक्टर समाधानी आहेत, परंतु माझ्या वडिलांना वयाच्या ५२व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता, ते लक्षात घेऊन त्यांनी आता कमी मात्रेची स्टॅटिनची गोळी सुरू केली आहे. मला थोडे वाईट वाटले, हे कबूल करते. आता गोळी आहेच, तर इसबगोल बंद करावा का? आणि दोन्ही एकत्र घेतले तर चालते का?

प्रतिसाद ९ (औषधशास्त्राचे निवृत्त संशोधक)

वाईट वाटून घेऊ नका. वडिलांना एवढ्या लवकर झटका आलेला असताना १४९ वर थांबणे मलाही योग्य वाटले नसते, आणि तुम्ही मिळवलेले बारा गुण गोळीमुळे वाया जात नाहीत.

पित्ताम्ले बाहेर पडू लागली की यकृत दोन गोष्टी करते : एकीकडे रक्तातून जास्त एलडीएल ओढून घेते आणि दुसरीकडे स्वतःच जास्त कोलेस्टेरॉल बनवू लागते. ही दुसरी प्रतिक्रिया तंतूचा परिणाम मर्यादित ठेवते, म्हणूनच इसबगोल दुप्पट केल्याने उतार दुप्पट होत नाही. स्टॅटिन नेमकी यकृतातली ती निर्मितीच रोखते. त्यामुळे दोघे एकमेकांच्या कामात अडथळा न आणता एकमेकांची उणीव भरून काढतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सिम्व्हास्टॅटिन १० मिलिग्रॅमच्या जोडीला रोज १५ ग्रॅम इसबगोल दिल्यावर एलडीएलचा उतार एकट्या २० मिलिग्रॅम गोळीइतका आला. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केल्याने सामान्यतः आणखी सुमारे ६ टक्केच उतार मिळतो, हे लक्षात घेतले तर तुमच्या इसबगोलाची किंमत कळेल : तो मात्रेची एक पायरी वाचवू शकतो.

पित्ताम्लांच्या वाटेने एलडीएल उतरवले तर हृदयाला खरेच लाभ होतो का, अशी शंका मनात असेल तर १९८४ सालच्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीकडे पाहावे. तिच्यात ३,८०६ पुरुषांवर पित्ताम्ले बांधून ठेवणाऱ्या कोलेस्टिरामिन या औषधाचा प्रयोग झाला आणि हृदयविकाराचे झटके व त्यांमुळे होणारे मृत्यू एकत्रितपणे १९ टक्क्यांनी कमी झाले. इसबगोल त्या औषधाइतका जोरकस नाही, पण त्याची वाट तीच आहे.

एकच काळजी घ्यावी. खळ पित्ताम्लांप्रमाणे औषधालाही अडकवू शकते. १९९१ मध्ये लोव्हास्टॅटिन घेणाऱ्या काही रुग्णांना पेक्टिन किंवा ओटचा कोंडा सुरू केल्यावर एलडीएल उतरण्याऐवजी वाढल्याचे नोंदले गेले होते आणि तंतू थांबवल्यावर ते पुन्हा उतरले. म्हणून गोळी आणि इसबगोल यांच्यात किमान दोन तासांचे अंतर राखावे. तुम्ही इसबगोल जेवणाच्या जोडीने घेत असल्यामुळे गोळी रात्री झोपताना, जेवणानंतर पुरेसा वेळ गेल्यावर घेणे सोयीचे होईल. तरीही तुमची गोळी नेमकी कोणती आहे ते पाहून वेळ डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. भविष्यात थायरॉइडची गोळी किंवा दुसरे काही सुरू झाले तर त्या वेळी इसबगोलाचा उल्लेख आवर्जून करा, कारण बहुतेक रुग्ण त्याला औषध मानत नाहीत आणि विचारल्याशिवाय सांगतही नाहीत.

प्रतिसाद १० (धागाकर्ती)

कळले. इसबगोल दोन्ही जेवणांच्या वेळी, गोळी रात्री अकराला, असे ठरवले आहे आणि डॉक्टरांनी त्याला होकार दिला आहे. दोन महिन्यांनी पुन्हा दोन तपासण्या करून आकडे इथेच लिहीन.